रंबल आणि हॅप्टिक्स: एम्युलेटरवर हाताला नेमकं काय जाणवतं?

"ड्युअलसेन्स घेतला तर पीएस२ चे जुने गेम कॉम्प्युटरवर खेळताना पीएस५ सारखं व्हायब्रेशन येईल ना?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. ड्युअलसेन्स म्हणजे पीएस५ चा, म्हणजे प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर, आणि जुन्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम म्हणजे एम्युलेटर. उत्तर 'नाही' असं आहे. पण नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही, कारण विचारणाऱ्याला वाटतं की महागड्या कंट्रोलरमध्ये तीच मोटर जरा चांगल्या प्रतीची असेल. तसं नाही. रंबल आणि हॅप्टिक्स या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींनी हात थरथरतो, म्हणून आपण दोन्हींना 'व्हायब्रेशन'च म्हणतो.

आधी रंबल. बंद पडलेला एखादा जुना ड्युअलशॉक (प्लेस्टेशनचा जुना कंट्रोलर) घरात असेल तर मागचे स्क्रू काढून उघडून पाहाच. दोन्ही मुठींत एकेक छोटी मोटर दिसेल आणि तिच्या दांड्यावर एकाच बाजूला भार असलेला धातूचा तुकडा. डावीकडचा तुकडा चांगला जाड, उजवीकडचा बारीक. वॉशिंग मशीनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा झाली की अख्खं मशीन कसं धडधडतं? अगदी तेच इथे मुद्दाम घडवलेलं असतं. डावी मोटर जड, घुमणारा हादरा देते. उजवी बारीक, झिणझिणल्यासारखा.

या रचनेला एक मर्यादा आहे. हादरा जोरात हवा असेल तर मोटर वेगात फिरवावी लागते, आणि वेग वाढला की थरथरही बारीक होते. जोर आणि पोत एकमेकांना बांधलेले आहेत. एक बदलून दुसरा तसाच ठेवता येत नाही. शिवाय मोटरला वेग घ्यायला आणि थांबायला क्षणभर लागतोच.

आता गेम या मोटरला काय सांगतो ते पाहा, कारण सगळी गोम तिथेच आहे. १९९७ साली जपानमध्ये ड्युअलशॉक आला. त्यात मोठ्या, म्हणजे डाव्या मोटरसाठी ० ते २५५ पर्यंतचा एक आकडा जातो आणि लहान मोटरसाठी फक्त 'चालू' किंवा 'बंद'. बस, एवढंच. पीएस२ च्या ड्युअलशॉक २ मध्येही हेच राहिलं. निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरला जोडायच्या रंबल पॅकमध्ये तर एकच मोटर, तीही नुसती चालू-बंद. निन्टेन्डोच्याच गेमक्यूबमध्येही एकच, चालू, बंद आणि झटकन थांबवायला ब्रेक.

एवढ्याशा सामग्रीतून त्या काळच्या लोकांनी काय काय केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्ये पडद्यावर जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी नाही. जखमी झालात की कंट्रोलर हृदयासारखा धडधडू लागतो. धड-धड, थांबा, धड-धड. तेवढ्यावरून ओळखायचं की आता औषध वापरायला हवं. तिथे व्हायब्रेशन बंद ठेवून खेळणं म्हणजे गेमने दिलेली खूणच पुसून टाकणं.

हॅप्टिक्सचा मार्ग निराळा. २०२० मध्ये आलेल्या ड्युअलसेन्सच्या मुठींत फिरणारा भार नाही. तिथे स्पीकरमध्ये असते तशी व्हॉइस कॉइल आहे, फक्त आवाज काढणारा कागदी पडदा नाही. तिला आकडा नव्हे, थेट लहर पुरवतात, अगदी ध्वनिमुद्रणासारखी. म्हणून जोर आणि पोत वेगवेगळे ठरवता येतात: हळू पण बारीक, जोरात पण जाड, किंवा मध्येच एकच टिचकी. ड्युअलसेन्स केबलने विंडोजला जोडला की तो चार चॅनलचं ऑडिओ उपकरण म्हणून दिसतो. पहिले दोन चॅनल आवाजाचे, उरलेले दोन या थरथरीचे. हॅप्टिक्स म्हणजे हाताला ऐकू येणारा आवाज, असं मी म्हणतो ते याचमुळे.

मग पीएस२ चा गेम पीसीएसएक्स२ या एम्युलेटरवर लावून ड्युअलसेन्स हातात घेतला की काय होतं? गेम आपला आकडा पाठवतो. एम्युलेटर तो घेतो, कॉम्प्युटरच्या मापात बसवतो (एक्सइनपुट या विंडोजच्या कंट्रोलर-व्यवस्थेत दोन मोटरांना ० ते ६५,५३५ पर्यंत आकडे देता येतात) आणि पुढे ढकलतो. ड्युअलसेन्स मग आपल्या कॉइलने जुन्या मोटरची नक्कल करतो. लहर कुठून येणार? ती डिस्कवर कधी नव्हतीच. एम्युलेटर गेमचं चित्र चौपट रेझोल्यूशनने रंगवू शकतो, कारण आकृत्यांची मापं त्याच्याजवळ असतात. थरथरीच्या बाबतीत हाताशी फक्त एक आकडा आणि एक चालू-बंद. उलट, अस्सल ड्युअलशॉकचा तो जड हादरा हवा असेल तर खऱ्या मोटरांचा, एक्सबॉक्स ३६० च्या धर्तीचा साधा कंट्रोलर जास्त जवळ जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही मेनूंमध्ये 'फोर्स फीडबॅक' असा शब्द दिसतो, तोही यात मिसळू नका. खरा फोर्स फीडबॅक स्टिअरिंग व्हीलचा: वळणावर चाक हाताला उलटं ओढतं. त्यासाठी पीसीएसएक्स२ च्या यूएसबी सेटिंगमध्ये व्हील वेगळं निवडावं लागतं.

थरथर अजिबातच येत नसेल, तर दोष बहुधा कंट्रोलरचा नसतो. पीएस१ च्या डकस्टेशन या एम्युलेटरमध्ये कंट्रोलरचा प्रकार 'डिजिटल' निवडला असेल तर गेमच्या लेखी मोटरच नाही, 'अ‍ॅनालॉग' निवडा. निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरला मागे एकच खाच होती, तिच्यात मेमरी कार्ड तरी बसायचं नाहीतर रंबल पॅक. एम्युलेटरही तसंच विचारतो, आणि मेमरी निवडली की थरथर गेली. ड्युअलसेन्स ब्लूटूथवर असेल तर पीसीएसएक्स२ मधला 'एन्हान्स्ड मोड' चालू आहे का पाहा. थरथर येते पण विचित्र वाटते? मोठी आणि लहान मोटर उलटसुलट जोडली गेली असण्याची शक्यता जास्त. स्फोटाला नुसती झिणझिण आली की समजा, अदलाबदल झाली आहे.

आणि गेममध्येच व्हायब्रेशन नसेल तर? ड्युअलशॉकच्या आधीचे पीएस१ चे गेम घ्या, किंवा पीएस३ चे सुरुवातीचे काही. पीएस३ बरोबर २००६ मध्ये आलेल्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे सिक्सअ‍ॅक्सिसमध्ये मोटर नव्हतीच. अशा गेमसाठी सेटिंगमध्ये तासभर खटपट करून हाती काही लागणार नाही.

म्हणून तपासायला मी नेहमी एकच प्रसंग वापरतो. १९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये सायको मॅन्टिस नावाचा शत्रू म्हणतो, कंट्रोलर जमिनीवर ठेव, मी तो मनाच्या शक्तीने हलवतो. पूर्वी तिथवर पोचल्यावर केलेलं सेव्ह ठेवून द्या. साधा, खऱ्या मोटरांचा कंट्रोलर घ्या आणि सतरंजीवर नको, उघड्या फरशीवर ठेवा. माझ्याकडे शहाबादी फरशी आहे. दोन्ही मोटरा घुमू लागल्या की कंट्रोलर खडखडत, केबल मागे ओढत, वीतभर सरकतो.