तुर्कस्तान, १९२८ : लिपिबदलाचे वर्ष

तुर्की प्रजासत्ताकाने अरबी लिपी सोडून रोमन लिपी स्वीकारली, ते हे वर्ष. प्रजासत्ताक १९२३ साली स्थापन झाले. त्यानंतर १९२४ साली खिलाफत बरखास्त झाली, १९२५ साली फेझ टोपीवर बंदी आली आणि १९२६ साली स्विस धर्तीचा दिवाणी कायदा लागू झाला. लिपीचा निर्णय मात्र या सर्वांहून खोल गेला. टोपी बदलली तरी आजोबांचे पत्र वाचता येते. लिपी बदलली की ते मुके होते.

जुनी लिपी का नको होती, हे एका अक्षरावरून कळते. तुर्की भाषेत स्वर आठ, पण अरबी लिपीत स्वरांसाठी अक्षरे अगदी थोडी. ‘वाव’ हे एकच अक्षर व, ओ, उ आणि तुर्कीचे दोन खास ओष्ठ्य स्वर एवढे सगळे ओझे वाहत असे. त्यामुळे ‘ओन’ म्हणजे दहा, ‘उन’ म्हणजे पीठ आणि ‘यून’ म्हणजे कीर्ती हे तिन्ही शब्द एकसारखेच लिहिले जात. वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. उलट ‘झ’च्या एकाच उच्चारासाठी चार अक्षरे पाठ करावी लागत. १९२७च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ कोटी ३६ लाख भरली आणि त्यांतले जेमतेम दहा टक्के साक्षर निघाले. याचा दोष केवळ लिपीच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. शाळा होत्याच कुठे?

एप्रिल १९२८ मध्ये ‘इस्लाम हा राज्याचा धर्म’ हे कलम राज्यघटनेतून वगळले गेले. मे महिन्यात आंतरराष्ट्रीय आकडे (1, 2, 3) आले आणि उन्हाळ्यात भाषा समिती वर्णमालेला बसली. समितीतल्या जाणत्यांनी बदलासाठी काही वर्षांची मुदत सुचवली होती. राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल पाशांनी ती महिन्यांवर आणली. ९ ऑगस्टच्या रात्री इस्तंबूलच्या गुलहाने बागेत त्यांनी नव्या अक्षरांची जाहीर घोषणा केली. मग दोल्माबाहचे राजवाड्यात लोकप्रतिनिधींचेच वर्ग भरले आणि पाशा गावोगाव निघाले. २० सप्टेंबरला कायसेरी येथे ते फळ्याजवळ उभे असलेले छायाचित्र तुर्की घराघरांत ठाऊक आहे.

१ नोव्हेंबरला कायदा संमत झाला. अक्षरे २९. रोमन ‘सी’चा उच्चार ज, त्याला खाली शेपूट जोडले की च; शेपटीचा ‘एस’ म्हणजे श; आणि टिंब नसलेला ‘आय’ हा स्वतंत्र स्वर. उच्चार तसे लेखन, हा नियम जवळपास काटेकोर पाळला गेला. १ डिसेंबरपासून वर्तमानपत्रे आणि पाट्या नव्या लिपीत आल्या. कालपर्यंतचा वाचक एका रात्रीत अडखळू लागला, वर्तमानपत्रांचा खप कोसळला आणि सरकारला त्यांना आर्थिक मदत द्यावी लागली.

मराठी वाचकाला यात दोन गोष्टी जवळच्या वाटतील. ‘कलेम’, ‘देफ्तेर’, ‘हेसाप’, ‘किताप’ हे तुर्की मुलांच्या वहीतले शब्द म्हणजे अरबी-फारसीतून आपल्याकडेही आलेले कलम, दफ्तर, हिशेब, किताब. दुसरी गोष्ट मोडीची. आपल्याकडे मोडी कोणत्याही एका तारखेला संपली नाही. छापखान्याने बालबोध पुढे आणली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून आणि कचेरीतून हळूहळू मागे सरली. तरीही आज घरातले जुने खरेदीखत वाचायला जाणकार शोधावा लागतो. तुर्कस्तानात हे सारे एका पिढीच्या आतच घडले. चौकातल्या पाणपोईवरचा लेख, पणजोबांच्या थडग्यावरचे नाव, जुनी दस्तऐवजे नातवंडांना वाचता येईनाशी झाली. साक्षरतेचा लाभ खराच होता, पण हे नुकसानही तितकेच खरे. नव्या लिपीच्या कौतुकात त्याचा उल्लेख टाळला जातो, तो टाळू नये.

१ जानेवारी १९२९ पासून पुस्तकेही नव्याच लिपीत छापणे बंधनकारक झाले. त्याच दिवशी प्रौढांसाठी ‘राष्ट्रशाळा’ उघडल्या. कोणतीच अक्षरे न येणाऱ्यांना चार महिने आणि जुनी लिपी जाणणाऱ्यांना दोन महिने, असा अभ्यासक्रम ठरला होता. या शाळांसाठी झटलेले शिक्षणमंत्री मुस्तफा नेजाती मात्र त्या उघडल्या त्याच दिवशी, ऐन पस्तिशीच्या आतबाहेर, आजाराने वारले.