भेंडीची तार पोटात गेल्यावर

भेंडी चिरायला घेतली की विळीच्या पात्यापासून बोटापर्यंत तार लोंबते. ती मोडावी म्हणून आपण भाजीत आमसूल टाकतो, आणि आंबटाने तिचा दाटपणा खरंच उतरतो. ही तार म्हणजे गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज, गॅलॅक्च्युरोनिक आम्ल अशा कड्यांची लांबलचक साखळी, अर्थात बहुशर्करा. मेथीदाण्याचा बुळबुळीतपणा आणि भिजवलेल्या अळिवांवरचं जेलीसारखं आवरण ही तिचीच भावंडं.

अशा पदार्थांना हल्ली सर्रास ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणतात. पुरावा बहुतेकदा परीक्षानळीतला असतो. डीपीपीएच या रसायनाचं गडद जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात अर्क टाकायचा. अर्काने त्यातले फ्री रॅडिकल्स, म्हणजे कशालाही भिडणारे अस्थिर रेणू, शमवले की रंग पिवळा पडतो. दिसायला झकास! पण साखळीला चिकटून पॉलिफेनॉल्स ही वनस्पतींतली वेगळीच अँटिऑक्सिडंट रसायनं आलेली असली, तर श्रेय भलत्यालाच जातं. शिवाय एवढा अगडबंब रेणू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरणार कसा?

तो शिरत नाहीच. आपल्याकडे त्याला तोडणारी विकरंच (एन्झाइम्स) नाहीत, म्हणून तो तसाच मोठ्या आतड्यात पोचतो. तिथे भाडेकरू तयारच असतात. बॅक्टेरॉइडीस थीटाआयोटाओमायक्रॉन (नाव घेताना दम लागतो) या जिवाणूचा जनुकसंच २००३ साली उलगडला. शर्करेच्या साखळ्या तोडणाऱ्या विकरांची २५०हून जास्त जनुकं या एकट्याकडे आहेत. त्याने पाडलेल्या तुकड्यांवर इतर जिवाणू जगतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. खवट लोण्याला वास येतो तो याच ब्युटिरिक आम्लाचा.

मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींना सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटच पुरवतं. ते जाळताना पेशी ऑक्सिजन संपवतात, त्यामुळे तो आतड्याच्या पोकळीत फारसा झिरपत नाही आणि ऑक्सिजन न सोसणाऱ्या जिवाणूंचं बरं चालतं. प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत असंही दिसलंय की ब्युटिरेट एनआरएफ-टू हे प्रथिन जागं करतं. मग ग्लुटाथायोन, कॅटालेज ही संरक्षक सामग्री पेशी स्वतःच बनवू लागते. मला तरी भेंडीचा ‘अँटिऑक्सिडंट’ गुण असा आडवळणाचाच वाटतो.

इसबगोल मात्र या घराण्यातला वेगळा. जिवाणूंना तो फारसा आंबवता येत नाही. पाणी धरून, फुगून तो बराचसा तसाच बाहेर पडतो. आंबणं कमी, म्हणून वायूही कमी. पोट सारखं बिघडणाऱ्या पेशंटला डॉक्टर इतर कोंड्याऐवजी इसबगोल सुचवतात, त्यामागे हे एक कारण आहे.