किनारी निसर्गवाट

किनारी निसर्गवाट म्हणजे समुद्राच्या कडेने आखलेली, पायी फिरण्याची वाट. वाळूच्या टेकड्या, खडकाळ किनारा, खाडीचे तोंड, खारफुटी, कड्याचा माथा असा बदलता प्रदेश ती एकाच फेरीत दाखवते. काही वाटा अर्ध्या तासात संपतात, तर २०१२ मध्ये खुली झालेली वेल्सची किनारवाट सुमारे १,४०० किलोमीटर लांब आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरची वाट मुळात चोरट्या मालावर नजर ठेवणाऱ्या तटरक्षकांच्या गस्तीने पडली. प्रत्येक कपारीत डोकावून पाहणे हे त्यांचे कामच होते, म्हणून ती कड्याची कड धरूनच जाते. मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाचे चालणेही असेच डोकावत डोकावत होते, आणि ते तसेच व्हावे. अंतर कापण्याची घाई केली तर या वाटेवरचे निम्मे पाहायचे राहून जाते.

निघण्याची वेळ मात्र समुद्र ठरवतो. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी चढतेही जास्त आणि ओसरतेही जास्त. पाणी एकसारख्या गतीने चढत नाही, हे कुटुंबाने पक्के लक्षात ठेवावे. ढोबळ हिशेबाने भरतीच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा हिस्साच येतो, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून निम्मे पाणी चढते. पहिल्या तासाचा संथपणा पाहून निर्धास्त झालेली माणसे पुढच्या दोन तासांत कोंडली जातात, कारण पाणी बरेचदा समोरून न येता मागच्या सखल भागातून शिरते. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी खडकांवर उतरावे आणि पाणी पलटले की परत फिरावे. मुले ‘अजून थोडा वेळ’ म्हणतीलच. तेव्हा मोठ्यांनी ठाम राहावे.

उघड्या पडलेल्या खडकांवर सजीवांचे थर लागलेले दिसतात. पाण्याबाहेर जास्त काळ तग धरणारे वर, कमी धरणारे खाली. या थरांत लिंपेट ही टोपीच्या आकाराची, गोगलगायीसारखी मृदुकाय असते. पाणी आले की ती खडकावरचे शेवाळ खरवडत फिरते आणि अनेक जातींतली ओहोटीपूर्वी आपल्या ठरलेल्या जागी परत येते. तिच्या शिंपल्याची कड त्या जागेच्या उंचसखलपणाप्रमाणे वाढलेली असते, त्यामुळे आतला ओलावा टिकतो. उपटून दुसरीकडे ठेवली तर ती कड तिथे बसत नाही. मुलाला हे एकदा खडकाशी वाकून दाखवले की ‘हात लावू नको’ असे वेगळे सांगावे लागत नाही. शेजारीच लालसर, जेलीसारखा गोळा दिसला तर ते बहुधा मिटलेले समुद्रपुष्प, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, असते. डबक्यातल्या पाण्यात तेच स्पर्शके पसरून बसलेले दिसते. दगड उलटून पाहिला तर तो होता तसाच, अलगद परत ठेवावा; त्याच्या पोटाखालचे जीव उन्हात मरतात.

उष्ण प्रदेशांतल्या वाळूत बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. वाळूतले अन्नकण चाळून खाणारे इवलेसे खेकडे उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती मांडत जातात, आणि पुढची भरती ती सगळी पुसून टाकते.

टेकड्यांवरून जाताना आखलेली वाट किंवा लाकडी पूल सोडू नये. तिथली वाळू गवताच्या आणि वेलींच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. चार पावलांच्या आडवाटेवर लोक जाऊ लागले की मुळे तुटतात, वारा तिथून वाळू उचलू लागतो आणि खळगा वाढत जातो.

परतताना भरतीरेषेवर थांबावे. शेवाळाच्या झुपक्यांत समुद्रफेस (कटलफिश या प्राण्याच्या अंगातले पांढरे, हलके कवच), माशांच्या अंड्यांच्या रिकाम्या पिशव्या, पिसे असे बरेच काही अडकलेले असते. रिकामे शंख हातात घेऊन पाहावेत आणि तिथेच ठेवावेत. काही खेकड्यांना पोटाचा मऊ भाग लपवायला तेच लागतात, आणि अंग वाढले की त्यांना आणखी मोठा शंख शोधावा लागतो.