स्पोर्ट्स कार: चालकाच्या हातून काय काय गेलं

1961 पूर्वी उर्वरित भारतात परदेशी गाडी आणणं म्हणजे परवान्यांचं जंजाळ होतं. गोव्यात चित्र वेगळं होतं. 1955 च्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीज सरकारने आयात सैल सोडली, आणि लोहखनिजाच्या निर्यातीमुळे पैसाही खेळत होता. जुन्या परदेशी गाड्यांची इथली हौस त्या काळातली.

जुनी गाडी ‘जिवंत’ आणि नवी ‘कॉम्प्युटर’, हे ऐकून कान किटले. फरक आहे, पण तो यंत्रात आहे.

1962 ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या. 1798 सीसी, सुमारे 95 अश्वशक्ती, पॉवर स्टेअरिंग नाही. पहिल्या गिअरला 1967 पर्यंत सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवून देणारी यंत्रणा, नव्हती. चढावर वेग मेला की क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला टिचकी, पुन्हा क्लच, मग पहिला. तेही वळणावर, एका हाताने जड स्टेअरिंग ओढत. चुकलं की गिअरबॉक्स खर्रकन ओरडून चारचौघांत लाज काढतो.

एकाच नावात हा सगळा प्रवास बघायचा तर पोर्शे 911. 1963 मध्ये ती फ्रँकफर्टला दिसली तेव्हा दोन लिटरचं, हवेने थंड होणारं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे होतं. 130 अश्वशक्ती, वजन 1,080 किलोच्या आसपास. वळणात घाबरून पाय उचलला की भार पुढे सरकायचा, मागची चाकं पकड सोडायची आणि गाडी गर्रकन फिरायची. हे टाळायला 1969 च्या मॉडेलला कंपनीने मागचा आसच 57 मिलिमीटर मागे नेला. 1989 च्या पिढीत पॉवर स्टेअरिंग आणि ब्रेकचं एबीएस आलं, पुढे इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागलं, आणि 2011 मध्ये इलेक्ट्रिक स्टेअरिंग. शौकिनांचं खरं रडगाणं सुरू झालं ते इथे, आणि माझ्या मते रास्तच. रस्त्याचा खडबडीतपणा तळहातांना कळेनासा झाला. 2019 ची 911 कॅरेरा 385 अश्वशक्तीची आणि दीड टनाची.

ती ताकद गोव्यातल्या बार्देश-सासष्टीच्या गावांतून वापरणार कुठे? दोन्ही बाजूंना गडगे, पुढच्या वळणावर बस. तिथे 385 मधली तीनशे झोपूनच असते. एमजीबीची पंच्याण्णव मात्र सगळीच्या सगळी राबतात, म्हणून पन्नासच्या वेगातही गाडी हाणल्यासारखं वाटतं.

पावसाळ्यात चोर्ला घाटात मात्र मी बिनतक्रार नवीच गाडी मागेन. तिथे वळणावर अचानक ब्रेक मारला तर एबीएस चाकं लॉक होऊ देत नाही. जुन्या गाडीत ते काम उजव्या पायाचं. शिवाय पाण्यातून बाहेर पडल्यावर मागचे ड्रम सुकेपर्यंत ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचं, हे आठवणीने करावं लागतं.