दृश्यवाटप (हस्तचित्रित ॲनिमेशनपट)

हाताने चित्रे काढून केलेल्या ॲनिमेशनपटात कोणते दृश्य कोणत्या ॲनिमेटरने करायचे, हे ठरवण्याची पद्धत. स्टुडिओच्या बोलीत ‘दृश्य’ म्हणजे एक शॉट. अशी अनेक दृश्ये मिळून एक प्रसंग होतो. हे वाटप म्हणजे खरे तर पात्रयोजनाच असते. आवाज नटाचा असला, तरी पात्राची चाल, नजर, अडखळणे आणि थांबणे ॲनिमेटरच्या पेन्सिलीतून उतरते. त्यामुळे दृश्य कोणाच्या हाती पडले, यावर पात्राचा स्वभाव ठरतो.

सुरुवातीच्या लघुपटांत विनोदी प्रसंगांचे तुकडे पाडून ज्याचा हात मोकळा असेल त्याला दिले जात. डिस्नी स्टुडिओत १९३०च्या दशकात हे बदलू लागले. ‘थ्री लिटल पिग्ज’ (१९३३) मध्ये फ्रेड मूरने डुकरांची आणि नॉर्म फर्ग्युसनने लांडग्याची बरीचशी दृश्ये केली. दिसायला सारखी असलेली तीन डुकरे निव्वळ वागण्यावरून वेगळी ओळखू येतात, हे त्या लघुपटाचे मोठे यश. पुढच्याच वर्षी ‘प्लेफुल प्लूटो’ मध्ये चिकट माशीकागदात अडकलेला कुत्रा फर्ग्युसनने रंगवला. प्लूटो अडकतो, थबकतो, विचार करतो आणि पुन्हा नव्याने अडकतो. तेव्हापासून विचार करताना दिसणारे पात्र म्हटले की फर्ग्युसनचे नाव पुढे येई.

‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ (१९३७) मध्ये ही पद्धत पूर्ण लांबीच्या चित्रपटात कसाला लागली. स्नो व्हाइट मुख्यतः हॅम लस्क आणि ग्रिम नॅटविक यांच्याकडे, राणी आर्ट बॅबिटकडे, तर म्हातारी चेटकीण फर्ग्युसनकडे आली. बिल टिट्लाला ग्रम्पी हा चिडका बुटका मिळाला. स्नो व्हाइटने टाळूवर ओठ टेकल्यावर रागाने निघालेला ग्रम्पी हळूहळू विरघळतो, ते दृश्य टिट्लाचे. बुटक्यांच्या शोकाचा प्रसंग तरुण फ्रँक टॉमसला मिळाला आणि तो जवळजवळ स्तब्ध ठेवण्याचे धाडस त्याने केले. वॉर्ड किंबॉलने मात्र बुटक्यांच्या सूप पिण्याचा प्रसंग मेहनतीने पूर्ण केला आणि कथेचा वेग मंदावतो म्हणून तो कापला गेला. पुढे ‘पिनोकिओ’ (१९४०) मध्ये त्याच्याकडे जिमिनी क्रिकेट हा रातकिडा आला.

प्रत्यक्षात दिग्दर्शक ॲनिमेटरला बोलावून दृश्य समजावून सांगे. सोबत स्टोरीबोर्ड, पार्श्वभूमीचा लेआउट आणि एक्स्पोजर शीट असे. या शीटवर संवादाचे उच्चार आणि संगीताचे ठोके फ्रेमनिशी लिहिलेले असत. काम फुटांत मोजत. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम आणि सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १० फुटांचे दृश्य पडद्यावर सात सेकंदही टिकत नाही. तरी एक चित्र दोन फ्रेम दाखवले, तर त्याला ८० चित्रे लागतात. ॲनिमेटर महत्त्वाच्या पोझ काढी, सहायक रेषा स्वच्छ करी, मधली चित्रे इनबिटवीनर भरी. पेन्सिल चाचणी, म्हणजे कच्च्या चित्रांचे केलेले चित्रीकरण, ‘स्वेटबॉक्स’ या छोट्या प्रक्षेपणखोलीत पाहिली जाई आणि तिथेच दृश्य मंजूर होई किंवा परत जाई.

पात्रानुसार वाटपात एक खोच होती. एकाच दृश्यात दोन पात्रे दोघांच्या हातची असली, की एकाची चित्रे होईपर्यंत दुसरा अडून राही आणि पात्रांमधली देवाणघेवाण सपाट होई. म्हणून ‘बँबी’ (१९४२) साठी फ्रँक टॉमस, मिल्ट काल, एरिक लार्सन आणि ऑली जॉन्स्टन यांच्यात मुख्यतः प्रसंगच वाटले गेले. ज्याचा प्रसंग, त्यातली सगळी पात्रे त्याची. बर्फावर घसरणारे हरणाचे पाडस बँबी आणि त्याला शिकवणारा ससा थंपर टॉमसच्याच हातचे आहेत, म्हणूनच ती जोडी इतकी जमली. याच चित्रपटात रेटा स्कॉटला शिकारी कुत्र्यांचा पाठलाग मिळाला, तो तिच्या कथाचित्रांतला जोर पाहून. ज्या काळात स्त्रियांना शाई आणि रंगकामाच्या विभागातच बसवले जाई, त्या काळात ही नेमणूक फार मोठी होती.

एका धाटणीचे काम जमले की तेच पुन्हापुन्हा येण्याचा धोकाही होता. ‘फँटेशिया’ (१९४०) मधला अक्राळविक्राळ सैतान रंगवणाऱ्या टिट्लाने पुढच्याच वर्षी आपल्या लहान मुलाकडे पाहत डंबो हे हत्तीचे पिल्लू केले आणि ही चौकट मोडली. ‘पीटर पॅन’ (१९५३) मध्ये तर पात्रच विभागले गेले: कॅप्टन हुकचा अभिनय टॉमसकडे, मगरीबरोबरची धावपळ वूल्फगँग राइटरमनकडे.

वॉर्नर ब्रदर्समध्ये प्रत्येक दिग्दर्शकाचा स्वतंत्र चमू असे आणि सलग दृश्यांचा गठ्ठा एकेका ॲनिमेटरकडे जाई. त्यामुळे एकाच लघुपटात रॉड स्क्रिबनरचा बग्ज बनी ताणला-वाकवला जातो, तर रॉबर्ट मॅकिम्सनचा घोटीव आणि भरीव दिसतो. जपानी स्टुडिओंतही शॉटनुसार वाटप रुळले; तिथे ॲनिमेशन दिग्दर्शक सर्वांची चित्रे दुरुस्त करून पात्रांचे रूप एकसारखे ठेवतो.

मुंबईशी या परंपरेचा थेट धागा आहे. डिस्नीत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. भारतीय ॲनिमेटर राम मोहन त्याच विभागातून घडले.

श्रेयनामावलीत कोणते दृश्य कोणाचे, हे सहसा लिहिलेले नसते. ती नोंद ‘ड्राफ्ट’ या कार्यालयीन कागदावर असे: दृश्याचा क्रमांक, थोडक्यात वर्णन, लांबी आणि समोर ॲनिमेटरचे नाव. अभ्यासक आज दृश्यांचे कर्ते ओळखतात, ते बऱ्याच अंशी या ड्राफ्टवरून.