मोर्स कोड: सक्ती नको, पण सुट्टीही नको

हौशी रेडिओवाल्यांमधला एक वाद गेली वीस-पंचवीस वर्षं मिटत नाही: मोर्स कोडची, म्हणजे अक्षरं छोट्या-मोठ्या सुरांनी (ठिपके-रेघांनी) पाठवण्याच्या पद्धतीची, आता गरज काय? जळगाव-धुळ्याकडे चार हॅम (हौशी रेडिओवाले) एकत्र बसले की चहा गार होईपर्यंत तो रंगतो. एक बाजू म्हणते, माइक हातात असताना ‘डिट-डा’ (छोटा सूर, लांब सूर) कशाला घोकायचं? दुसरी म्हणते, मोर्स येत नाही तो कसला हॅम! मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात, कारण त्यांनी दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतवून ठेवलेत. परवान्यासाठी मोर्सची सक्ती असावी का, हा एक. मोर्स शिकण्यासारखा आहे का, हा दुसरा.

पहिल्याचा निकाल खरं तर लागून गेला आहे. ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या, म्हणजे दूरदेशी पोचणाऱ्या लहरी वापरायच्या तर मोर्स यायलाच हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम होता. त्याला कारणही होतं. जहाजांचे संकटसंदेश मोर्समधून जात, आणि हौशी माणसाला ते ओळखून बाजूला होता यावं ही अपेक्षा होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये उपग्रह आणि स्वयंचलित रेडिओवर चालणारी नवी व्यवस्था जहाजांवर पूर्णपणे लागू झाली आणि ते कारण उरलं नाही. २००३ मध्ये जिनिव्हातल्या जागतिक रेडिओ परिषदेने सक्ती काढून निर्णय प्रत्येक देशावर सोपवला. अमेरिकेने २३ फेब्रुवारी २००७ पासून मोर्सची परीक्षा बंद केली. भारताने मधला मार्ग धरला: परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स नाही, जनरल वर्गाला मिनिटाला ८ शब्दांची परीक्षा. सगळ्यांवरची सक्ती गेली हे बरंच झालं, असं माझं मत आहे. शहाद्या-चोपड्याच्या एखाद्या मुलीला सर्किट उत्तम कळतं, पण मोर्स शिकवणारं जवळपास कुणी नाही, म्हणून तिला रेडिओपासून दूर ठेवणं मला कधीच न्याय्य वाटलं नाही.

सक्तीच्या बाजूने नेहमी एक मुद्दा येतो: आपत्तीत मोर्सच कामी येतो. मोर्सवर माझं प्रेम असूनही हा मुद्दा मला कच्चा वाटतो. २००१ चा भूजचा भूकंप किंवा २००४ च्या त्सुनामीनंतरचं अंदमान बघा. तिथं हॅम मंडळींनी मोलाचं काम केलं, पण ते मुख्यतः बोलून. औषधांची नावं, बेपत्ता माणसांचे पत्ते, कुठे किती पाणी लागणार, हे कुणीही माइक हातात घेऊन सांगू शकतं. मोर्सची खरी ताकद दुसरीकडे आहे आणि ती समजायला थोडं भौतिकशास्त्र लागतं.

रेडिओवर ऐकू येणारा गोंगाट सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला असतो. रिसीव्हर जितका रुंद पट्टा ऐकतो तितका गोंगाट आत घेतो. वैशाखातल्या वावटळीत दार सताड उघडं ठेवलं तर घरात जास्त धूळ येते, फट ठेवली तर कमी, तसंच. माणसाचा आवाज एसएसबी (सिंगल साइडबँड) या हॅम लोकांच्या नेहमीच्या पद्धतीने पाठवायला साधारण २४०० हर्ट्झचा पट्टा लागतो. मोर्समध्ये आवाज नसतोच, एकच लहर चालू-बंद होते. बऱ्यापैकी वेगाच्या मोर्सला १५० हर्ट्झ पुरतात. म्हणजे सोळावा हिस्सा पट्टा आणि सोळावा हिस्सा गोंगाट. कागदावरच्या हिशेबाने ५ वॅटचा मोर्स ८० वॅटच्या बोलण्याइतका स्पष्ट पोचतो. प्रत्यक्षात हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण दिशा तीच राहते.

खानदेशात हा हिशेब कागदावर राहत नाही. यावल-रावेरकडच्या कुठल्याही गावात संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर रिसीव्हर लावून बघा. डीपीवरच्या सैल जोडणीची सततची चरचर, एलईडी दिव्यांची आणि मोबाइलच्या चार्जरची गुणगुण, सोलर पंपाच्या कंट्रोलरची शिटी, आणि पावसाळा जवळ आला असेल तर दूरच्या विजांचे कडाके. या सगळ्याखाली बोलणाऱ्याचा आवाज बुडून जातो. शब्द आहेत एवढं कळतं, कोणते ते नाही. मग फिल्टर २५० हर्ट्झवर आणायचा. चरचर दबून तिची खोलवरची घरघर होते आणि तिच्यावर एकच बारीक सूर तरंगत येतो, तुटत, जुळत. तो वाचता येतो.

सातपुड्याचं गणितही असंच मोर्सच्या बाजूचं आहे. हॅम लोकांचे हातातले सेट १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे धडगावच्या दरीतून जळगाव गाठायचं तर मध्ये डोंगर आडवे येतात. ७ मेगाहर्ट्झला डोंगराची अडचण नाही. साधारण २० मीटर तार दोन कडुलिंबांच्या मध्ये पाच-सात मीटर उंचीवर बांधली, की बरीचशी ऊर्जा थेट आकाशाकडे जाते. दिवसा ती बहुतेक वेळा आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतते आणि आजूबाजूच्या शंभर-दोनशे किलोमीटरवर शिंपडल्यासारखी पडते. दरीत, डोंगरामागे, सगळीकडे. अशी तार आणि मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी असली तर पाच वॅटचा मोर्स सेट दिवसभर चालतो.

आणि हा सेट घरी बनतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बोलण्याचा सेट बनवायला मॉड्युलेटर, मिक्सर, फिल्टर, बरंच काही जुळवावं लागतं. मोर्सचा लहानसा ट्रान्समीटर मात्र एक क्रिस्टल, एक-दोन ट्रान्झिस्टर, हाताने गुंडाळलेल्या दोन-चार कॉइल आणि मोर्सचा खटका एवढ्यात उभा राहतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा सोल्डरिंग करून दोन रविवारांत तो चालू करू शकतो. (हवेत सोडायला परवाना हवाच, तोवर अँटेनाच्या जागी ५० ओहमचा रेझिस्टर जोडावा.) ऑसिलेटर, अनुनाद, फिल्टर, इम्पिडन्स हे शब्द परीक्षेच्या वहीतून उठून हातात येतात. हैदराबादच्या अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाचा घरी जुळवता येणारा बोलण्याचा सेट तयार करून जगभरातल्या हौशी लोकांना दिला. तो जुळवण्याआधी मोर्सचा साधा सेट हाताखालून गेला असेल तर बिटएक्सच्या नकाशातला प्रत्येक भाग ओळखीचा वाटतो.

आता संगणकाची बाजू. गोंगाटातून वाट काढण्याचा मोर्सचा फायदा एके काळी बिनतोड होता, आज नाही. २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ ही संगणकाने संदेश पाठवायची आणि उलगडायची पद्धत आणली. टेलर म्हणजे जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ. एफटी८ फक्त ५० हर्ट्झचा पट्टा घेते, पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीत ७७ बिटांचा संदेश पाठवते आणि २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या गोंगाटापेक्षा शंभरपटीहून क्षीण असलेला संकेतही उलगडते. चांगला कान साधारण तीसपटीपर्यंत जातो. शर्यत एवढीच असेल तर मोर्स हरला, हे मोकळेपणाने मान्य करावं. पण एफटी८ मध्ये दोन संगणक एकमेकांना ठरावीक माहिती देतात, माणूस पडद्याकडे बघतो. तिथं ‘तुमच्याकडे पाऊस कसा आहे?’ विचारायला जागा जवळजवळ नसते. मोर्समध्ये विचारता येतं. ठरलेल्या संक्षेपांच्या जोरावर भुसावळचा माणूस, एकमेकांची भाषा येत नसताना, जपानमधल्या माणसाशी हवापाण्याच्या आणि अँटेनाच्या गप्पा मारू शकतो, आणि दोन्ही टोकांना उलगडा करणारं यंत्र माणसाचा मेंदूच असतो.

त्या मेंदूत काय घडतं, हा तर विज्ञानाचा जुना विषय आहे. १८९७ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी तारबाबूंचा (तारयंत्रावर संदेश घेणाऱ्यांचा) अभ्यास केला. संदेश घेण्याचा वेग आधी भराभर वाढतो, मग कित्येक आठवडे जागचा हलत नाही, आणि मग पुन्हा उसळी घेतो, असं त्यांना दिसलं. त्यांचा खुलासा असा, की शिकणारा आधी अक्षरं ऐकतो, मग शब्द, मग अख्खी वाक्यं. मधल्या सपाट भागाबद्दल पुढच्या संशोधकांनी शंका घेतली, पण सराव करणारा प्रत्येक जण अक्षरांचे शब्द होतानाचा तो टप्पा ओळखतो. भुसावळसारख्या जंक्शनवरचे तारबाबू कागदावर ठिपके-रेघा लिहीत बसत नसत. खटखट कानावर पडली की हात थेट शब्दच लिहायचा. २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी मोर्स शिकणाऱ्यांच्या मेंदूची एमआरआय चित्रं घेतली, तेव्हा भाषेच्या कामाशी जोडलेल्या भागात रचनेचा बदल आढळला.

म्हणूनच शिकण्याची पद्धत महत्त्वाची. ठिपके-रेघांचा तक्ता डोळ्यांनी पाठ करणारे मिनिटाला दहाएक शब्दांवर अडकतात, कारण त्यांना प्रत्येक अक्षर आधी मनात मोजावं लागतं. जर्मनीच्या लुडविग कोख यांनी १९३० च्या दशकात उलटा रस्ता दाखवला. पहिल्या दिवसापासून अक्षर पूर्ण वेगाने, आजकाल बहुधा मिनिटाला २० शब्दांच्या गतीने, ऐकायचं, पण सुरुवातीला फक्त दोनच अक्षरं. शंभरातली नव्वद बरोबर आली की तिसरं. या वेगाला एक डिट ६० मिलिसेकंदांची आणि डा तिच्या तिप्पट असते. मोजायला वेळच मिळत नाही, त्यामुळे कान अक्षराची अख्खी लय धरतो. फोनवर यासाठी फुकट अ‍ॅप आहेत. रोज पंधरा मिनिटं, मध्ये खंड न पाडता. अक्षरं थोडी बसली की ७ ते ७.०४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हिवाळ्यातल्या संध्याकाळी ऐकायला बसावं, तेव्हा विजांचा त्रास कमी असतो. नोव्हेंबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार तर मुळीच चुकवू नये. त्या ४८ तासांत मोर्सची मोठी जागतिक स्पर्धा असते, आणि परीक्षेची सक्ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी या पट्ट्यात सूर ठेवायला जागा मिळत नाही.