रॅमच्या पट्टीवरचा जन्मदाखला

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातले बावीस कॉम्प्युटर मी सांभाळतो. मार्चअखेर आली की तिथलं डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, कपाटातून बाहेर निघतं. गेल्या खेपेला हिशेबाच्या टेबलावरच्या मशीनपाशी गाडी अडली. रजिस्टरात ‘रॅम ८ जीबी’, स्क्रीनवर मात्र ४. “हे कसं ओ?” अकाउंटंट मॅडमनी विचारलं. मशीन उघडणारा माणूस मीच, त्यामुळे तो प्रश्न मला जरा लागला.

पूर्वी अशा वेळी एकच वाट होती. स्क्रू काढायचे, बाजूचा पत्रा सरकवायचा, टॉर्च मारायचा. शेजारच्या शेडमध्ये दिवसभर लूम चालतात, त्यामुळे आत कापसाच्या बारीक तंतूंचा थर असतो. पंख्याच्या पात्यांवर तर करड्या रंगाची मऊ गादीच बसलेली असते. ती ब्रशनं झाडायची, मग रॅमवरचं लेबल वाचून वहीत उतरवायचं. बावीस मशीनना दोन दिवस जायचे आणि निम्म्या लेबलांवरचे आकडे पुसटच असायचे.

आता सॉफ्टवेअरमुळे हे कष्ट वाचतात, कारण कॉम्प्युटरचा जवळपास प्रत्येक मुख्य भाग आपली ओळख स्वतःजवळ बाळगून असतो. रॅमच्या पट्टीवर मोठ्या चिपांबरोबर तांदळाच्या दाण्यासारखी एक बारीक चिप असते. तिच्यात फक्त त्या पट्टीची माहिती साठवलेली असते: क्षमता, वेग, बनवणारी कंपनी, सिरियल नंबर, इतकंच काय, कोणत्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात ती तयार झाली तेही. डीडीआर-३ पिढीच्या पट्टीत या नोंदीसाठी २५६ बाइट असतात, पुढच्या डीडीआर-४ मध्ये ५१२. आपण बटण दाबलं की मदरबोर्डवरचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, सुरुवातीलाच ही चिप वाचतो. ती वाचल्याशिवाय रॅम कोणत्या वेगानं चालवायची हे त्याला कळणार कसं?

प्रोसेसरचंही तसंच. त्याला एक ठरावीक आज्ञा दिली की तो कंपनीचं नाव बरोबर बारा अक्षरांत सांगतो. इंटेलचा असेल तर ‘जेन्युइन इंटेल’, एएमडीचा असेल तर ‘ऑथेंटिक एएमडी’. इंग्रजीत दोन्ही बारा-बारा अक्षरांचे. मॉनिटरमध्ये १२८ बाइटची नोंद असते आणि ती केबलमधूनच कॉम्प्युटरपर्यंत पोचते. त्यात उत्पादनाचं वर्ष एका बाइटमध्ये बसवण्यासाठी १९९० पासून मोजतात, म्हणजे २०१८ सालच्या मॉनिटरमध्ये नुसता २८ हा आकडा असतो. मला ही काटकसर फार आवडते.

बायोस यातली बरीच माहिती गोळा करून मेमरीत एक तक्ता मांडून ठेवतो. त्याला एसएमबायोस म्हणतात. मॉडेल, सिरियल नंबर, मदरबोर्ड, रॅमचा एकेक खाचा आणि त्यात काय बसलंय, सगळं त्यात ओळीनं असतं. रिकामा खाचाही ‘रिकामा’ म्हणून नोंदलेला असतो. विंडोजमध्ये डब्ल्यूएमआय नावाच्या व्यवस्थेकडून आणि लिनक्समध्ये ‘डीएमआयडीकोड’ या आज्ञेनं हा तक्ता वाचता येतो. इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर मुख्यतः हेच करतं. प्रत्येक मशीनवर एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवायचा. तो ठरलेल्या वेळी तक्ता वाचतो आणि नेटवर्कवरून एका सर्व्हरला पाठवतो. जीएलपीआय, ओसीएस इन्व्हेंटरी अशी मोफत साधनं यासाठी आहेत.

हार्ड डिस्ककडून मिळणारी माहिती मला सगळ्यात मोलाची वाटते. डिस्क आपण एकूण किती तास चालू राहिलो याचा हिशेब स्वतः ठेवते, आणि खराब झालेल्या किती जागा बदलून घ्याव्या लागल्या याचाही. ऑफिसचे रोज आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर वर्षाला २,४०० तास होतात. एका विक्रेत्याकडून ‘नवीन’ म्हणून आलेल्या मशीनच्या डिस्कनं पहिल्याच दिवशी १९ हजारांवर तास दाखवले होते. म्हणजे आठ वर्षांची नोकरी करूनच ती आमच्याकडे रुजू झाली होती. बिल चुकतं करण्याआधी हा आकडा बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

मात्र या तक्त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. आपल्याकडे असेंबल केलेली मशीन खूप. त्यांत सिरियल नंबरच्या जागी पुष्कळदा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ एवढंच असतं, म्हणजे ‘हे उत्पादकानं भरावं’, आणि कोणी भरलेलंच नसतं. अशी दहा मशीन असतील तर दहांचा नंबर एकच येतो, आणि नुसता तोच धरणारं सॉफ्टवेअर दहांना एक समजतं. तिथे नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याचा, म्हणजे त्याच्या ४८ बिटांच्या ओळख-क्रमांकाचा आधार घ्यावा लागतो. शिवाय मशीन कोणत्या खोलीत आहे, कोण वापरतं, हे कोणत्याच चिपेत लिहिलेलं नसतं. त्यासाठी कॅबिनेटवर नंबराचं स्टिकर आणि ते लावणारा माणूस लागतोच.

आणखी एक. असे बरेच एजंट मशीनवरचे प्रोग्रॅम आणि लॉगिन करणाऱ्याचं नावही वाचतात. म्हणून बसवण्याआधी ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावून काय वाचलं जाणार ते मी दाखवलं. माझ्या मते हे झालंच पाहिजे. दुसऱ्याच्या टेबलावरच्या मशीनमध्ये गुपचूप काही बसवणं बरं नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, तेव्हा एजंटांनी जमवलेल्या माहितीचा मोठा उपयोग झाला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतला लागतो. कोणती मशीन या अटींत बसतात ते एका दुपारी समोर आलं. मालकांनी खरेदी ठरवली ती त्या यादीवरून.

आता मॅडमच्या चार जीबीचं. त्यांच्या मशीनच्या यादीत पहिल्या खाच्यात ४ जीबीची एक पट्टी होती, दुसरा खाचा रिकामा. मी बावीस मशीनच्या रॅमची बेरीज केली, ती रजिस्टरशी तंतोतंत जुळली. म्हणजे पट्टी ऑफिसातच होती. पॅकिंगच्या मशीनला रजिस्टरात ४ जीबी होती, यादीत ८. तिथली दुसरी पट्टी मॅडमच्या पट्टीच्याच कंपनीची, आणि सिरियल नंबर तिच्या लगतचा.

पॅकिंगवाल्या काकांना मग आठवलं. मागच्या मे महिन्यात कंटेनर भरायच्या दिवशी पॅकिंगमधलं हेच बारकोडचं मशीन बंद पडलं होतं. मी गावाला गेलेलो, म्हणून बाहेरचा मेकॅनिक बोलावला, आणि त्यानं सुटीवर असलेल्या मॅडमच्या मशीनमधली पट्टी काढून तिथे बसवली. कंटेनर वेळेत गेला, नोंद तेवढी राहिली.

मॅडमनी रजिस्टरातल्या दोन्ही ओळी लाल शाईनं दुरुस्त केल्या. मग फूटपट्टी घेऊन शेवटच्या पानापर्यंत एक नवा उभा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, ‘रॅम सिरियल नंबर’.